हँडल, हवा आणि हात : सुरू न होणाऱ्या इंजिनाचा इतिहास

शिरूर तालुक्याच्या एका अंगाला घोड नदी, दुसऱ्या अंगाला भीमा आणि भीमेच्या पलीकडे दौंड तालुका. नकाशावर पाहिले तर हा मुलूख पाण्याने वेढलेला वाटतो. प्रत्यक्षात तो पर्जन्यछायेत येतो. सह्याद्री ओलांडून आलेले ढग येथे पोहोचेपर्यंत रिते झालेले असतात आणि वर्षाकाठी जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. नदी आहे, पण ती खोल पात्रात. विहीर आहे, पण पाणी तळाशी. म्हणून या भागातील शेतीचा इतिहास हा मुख्यतः पाणी वर उचलण्याचा इतिहास आहे.

शिरूरच्या इंग्रज छावणीविषयी लिहिले गेले आहे, दौंडच्या रेल्वे जंक्शनविषयीही लिहिले गेले आहे. परंतु विहिरीच्या काठावर धडधडणाऱ्या त्या तेलकट यंत्राचा, ग्रामीण बोलीत ज्याला ‘इंजान’ म्हणतात त्याचा, इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. हेच यंत्र आपल्या उत्तन, वसई, अर्नाळा, सातपाटीच्या किनाऱ्यावर नाखव्याच्या बोटीत बसले. घाटावरचा शेतकरी आणि किनाऱ्यावरचा कोळी यांची एरवी ओळख नसेल, पण एका दुःखाची ओळख दोघांनाही आहे : ऐन वेळी इंजिन सुरू न होणे.

प्रस्तुत लेख या एकाच दुःखाविषयी आहे. सुरू व्हायला कुरकुर करणारे इंजिन खोडकर नसते, ते आपल्या दुखण्याची आगाऊ वर्दी देत असते. एके काळी ही वर्दी माणसाच्या हाताला कळत असे. हँडल गेले, बटण आले आणि ती कळेनाशी झाली. हे कसे घडले, ते पाहू या.

मोट आणि इंजिन

इंजिनापूर्वी मोट होती. कातड्याची मोट, जाड नाडा, बारीक सोंदूर, विहिरीवरचे चाक, बैलांची उतरती धाव आणि पाणी ओतले जाई ते थारोळे. पहाटेपासून मोटकरी बैलांना धावेवर खाली-वर नेत असे. पाणी थोडे येई, पण या व्यवस्थेत एक गुण होता. मोट फाटली तर शिवणारा गावातच होता, नाडा तुटला तर वळणारा गावातच होता आणि चाक मोडले तर सुतार-लोहार हाकेच्या अंतरावर होते. मोटेला असे कोणतेही दुखणे नव्हते, ज्याचे औषध गावाच्या शिवेबाहेर शोधावे लागे.

ऑइल इंजिन आले तेव्हा पाणी वाढले, बैलांचे कष्ट वाचले, उसाचे व भाजीपाल्याचे क्षेत्र विस्तारले. परंतु त्याबरोबर शेतकऱ्याच्या दारात प्रथमच अशी वस्तू आली, जिचे पोट उघडून पाहण्याचे धाडस गावात कोणाला नव्हते. मोट ‘सुरू’ करावी लागत नसे. बैल जुंपले की ती चाले. इंजिन मात्र सुरू करावे लागे, आणि ते सुरू झाले नाही तर पिकाचे पाणी चुकत असे. १९७२ च्या दुष्काळात विहिरी खोल गेल्या आणि पाणी आणखी खाली गेले. अशा दिवसांत विहिरीत साठलेले तासभराचे पाणी वेळेवर उपसले गेले नाही, तर एखाद्या वाफ्याचे वर्षाचे कष्ट वाया जात. इंजिन सुरू करणारा मेस्त्री हा या काळातील नवा बलुतेदारच म्हणावा लागेल.

ठिणगीवाचून अग्नी

हे इंजिन सुरू होण्यास अवघड का, हे समजण्यासाठी त्याच्या जन्माकडे जावे लागते. मोटरसायकलीच्या पेट्रोल इंजिनात प्लगची ठिणगी असते. डिझेल इंजिनात ठिणगी नाही. सायकलला हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम होते, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल. हवा दाबली की तापते, हाच या यंत्राचा पाया. आग्नेय आशियातील लोक फार पूर्वीपासून एका लहान नळीत दट्ट्या वेगाने दाबून कापसासारखी चूड पेटवीत आले आहेत. डिझेल इंजिन म्हणजे हीच अग्निनळी, पोलादात घडवलेली आणि मिनिटाला शेकडो वेळा पेटणारी.

तथापि पहिली ऑइल इंजिने एवढ्या दाबाची नव्हती. इंग्लंडमध्ये हर्बर्ट अॅक्रॉइड स्ट्युअर्ट यांनी १८९० साली पेटंट घेतले आणि १८९२ पासून ग्रँथम येथील हॉर्न्सबी कंपनी त्यांची इंजिने विकू लागली. या इंजिनाच्या डोक्याला एक पोकळ गोळा असे. सुरू करण्यापूर्वी तो बाहेरून दिव्याच्या भडक्याने कित्येक मिनिटे तापवावा लागे. गोळा पुरेसा तापला की चाक फिरवायचे. मग आत उडालेले तेल त्या तप्त लोखंडावर पेट घेई आणि पुढे इंजिन स्वतःच्याच उष्णतेवर चाले. येथे सुरू करण्याचे रहस्य उघडे होते : आधी उष्णता, मग तेल.

रुडॉल्फ डिझेल यांनी हा बाहेरचा दिवा काढून टाकण्याचा ध्यास घेतला. त्यांचे जर्मन पेटंट १८९२ चे. ऑग्सबर्ग येथील कारखान्यात १० ऑगस्ट १८९३ रोजी झालेल्या पहिल्या प्रयोगात तेल पेटले, पण दाब मोजण्याचे उपकरण फुटून उडाले. इंजिन चालले नाही. ते स्वतःच्या बळावर प्रथम फिरले १७ फेब्रुवारी १८९४ रोजी, आणि तेही सुमारे एक मिनिटच. ज्याच्या नावाने हे यंत्र जगभर ओळखले जाते, त्यालाही ते सुरू करण्यास कित्येक महिने झुंजावे लागले, हे विहिरीच्या काठावर घाम पुसणाऱ्या शेतकऱ्याला सांगितले पाहिजे. पुढे १८९७ साली प्राध्यापक श्रोटर यांनी घेतलेल्या चाचणीत या इंजिनाने तेलातील २६.२ टक्के उष्णतेचे कामात रूपांतर केले. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांना हे स्वप्नवत होते.

परंतु दाब वाढला तसे चाक फिरवणे जड झाले. मोठी इंजिने माणसाच्या हाताने फिरेनात. ती टाकीत साठवलेल्या दाबाच्या हवेने फिरवावी लागत. कोपनहेगन येथे बांधलेले ‘सेलँडिया’ हे डिझेल जहाज १९१२ साली बँकॉकपर्यंत गेले, त्याची इंजिनेही अशा हवेनेच सुरू होत. लहान इंजिनांचा प्रश्न सुटला तो तेल फवारण्याच्या लहान, अचूक पंपामुळे. जर्मनीतील रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्याने १९२७ पासून हा पंप मोठ्या संख्येने तयार केला आणि डिझेल इंजिन शेतात, ट्रकमध्ये व बोटीत मावेल एवढे झाले. भारतात या कारखान्याची शाखा १९५१ साली ‘मायको’ या नावाने बंगळूरला आली. या कंपनीचे नाव खेड्यापाड्यांतील मेस्त्रींच्या तोंडी बसले.

सातारा, खडकी, चिंचवड

या यंत्राच्या भारतीय इतिहासात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. साताऱ्याचे पारशी उद्योजक सर धनजीशा कूपर, जे १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान होते, त्यांच्या कारखान्यात तयार झालेल्या इंजिनाची गणना देशातील पहिल्या डिझेल इंजिनांत होते. लोखंडी नांगरासाठी ख्यातनाम झालेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली आणि त्यांचे पुत्र शंतनुराव यांच्या पुढाकाराने १९४६ साली पुण्याजवळ खडकी येथे ‘किर्लोस्कर ऑइल इंजिन्स’ ही कंपनी उभी राहिली. शिरूर व दौंड ही खडकीपासून फार तर ७०-८० किलोमीटरवरची गावे. नांगराने ज्या घराण्यावर विश्वास बसला होता, त्याच नावाचे इंजिन शेतकऱ्याने विहिरीवर बसवले.

आणि चिंचवड! अॅक्रॉइड यांची गोळ्याची इंजिने बनवणारी हॉर्न्सबी कंपनी १९१८ साली लिंकन येथील रस्टन कंपनीशी एकत्र झाली. या रस्टन अँड हॉर्न्सबीचा भारतीय कारखाना पुढे ग्रीव्ह्ज कॉटन कंपनीच्या सहकार्याने चिंचवडला निघाला. त्याच्या इंजिनांची एक शाखा मच्छीमार बोटींसाठी होती. म्हणजे १८९२ साली इंग्लंडात दिव्याने तापवल्या जाणाऱ्या त्या गोळ्याचा वंश पुणे जिल्ह्यातून फिरून दर्याकाठी पोहोचला.

हाताला कळणारे शास्त्र

किर्लोस्करांचे पाच अश्वशक्तीचे ‘एव्ही-१’ हे इंजिन उदाहरणादाखल घेऊ. त्याच्या सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ११० मिलिमीटर, म्हणजे पोटात मावते ती जेमतेम अर्धा लिटर हवा. ही हवा साडेसोळा पट दाबली जाते. सिद्धांताप्रमाणे एवढ्या दाबाने ती ६०० अंशांपलीकडे तापावी. पण थंड लोखंड उष्णता पिऊन टाकते आणि दट्ट्याच्या रिंगांच्या फटींतून हवा निसटते. दट्ट्या जितका सावकाश चालेल तितका या दोन्ही गळतींना वेळ अधिक मिळतो. म्हणून सुरू करताना वेग हवा. वेग म्हणजेच उष्णता.

माणसाने हा वेग कसा द्यायचा? त्यासाठी इंजिनाच्या डोक्यावर एक लहानशी कळ असते. ती वळवली की एक व्हॉल्व्ह उघडा राहतो, हवा दाबली न जाता बाहेर पडते आणि जड चाक हलके फिरते. हँडल लावावे, कळ वळवावी, चाकाला वेग द्यावा आणि वेग भरला की कळ सोडावी. मग चाकात साठलेला जोर दट्ट्याला पहिल्या दाबातून पार नेतो. इंग्लंडातील लिस्टर कंपनीने १९३० च्या सुमारास काढलेल्या संथ, भारी चाकाच्या इंजिनांत तर थंडीत सुरू करताना दाब वाढवण्याची वेगळी सोय होती. त्याच घडणीची इंजिने पुढे राजकोटला बनू लागली आणि देशभर गेली.

या कामात धोका होता. दट्ट्या वरच्या टोकाला पोहोचण्यापूर्वी, चाकाच्या सुमारे २३ अंश आधीच, तेलाचा फवारा सुटतो. चाकाला वेग असेल तर स्फोटाचा जोर दट्ट्याला पुढे ढकलतो. वेग नसेल तर दट्ट्या मागे फेकला जातो आणि हँडल उलटे फिरते. या एका झटक्याने मनगटे मोडली आहेत. म्हणून जाणता माणूस हँडलाभोवती अंगठा गुंडाळत नसे. तो बोटांच्याच बाजूला ठेवीत असे, म्हणजे हँडल उलटले तरी हात सुटतो.

परंतु हाच धोक्याचा हात वैद्याचाही हात होता. कळ न वळवता चाक हळूच दाबावर आणले की ते उशीसारखे मागे रेटते. ही उशी घट्ट असेल तर इंजिनाची छाती शाबूत. ती दिवसेंदिवस मऊ लागू लागली तर रिंगा झिजल्या किंवा व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत, हे रोज हँडल मारणाऱ्याला चार महिने आधी समजत असे. कानही काम करी. चाक फिरवताना प्रत्येक वेळी नोझलमधून ‘कर्र’ असा आवाज आला पाहिजे. आवाज नाही, म्हणजे तेल पोहोचत नाही. तेल तरी किती? तासाला सुमारे एक लिटर डिझेल पिणारे हे इंजिन मिनिटाला ७५० वेळा तेल फवारते. हिशेब केला तर एका वेळेस पाण्याच्या साध्या थेंबाच्या निम्मेही तेल लागत नाही. एवढासा अंश सुमारे २०० किलोंच्या दाबाने धुक्यासारखा उडावा लागतो. नळीत हवेचा एक बुडबुडा अडकला तर पंपाचा सारा दाब त्या बुडबुड्याला दाबण्यातच खर्ची पडतो आणि नोझल गप्प राहते. ‘एअर काढा’ हा मेस्त्रींचा पहिला मंत्र त्यामुळेच.

तिसरा साक्षीदार धूर. धूरच नाही, तर तेल पोहोचत नाही. पांढरा धूर, तर तेल पोहोचते पण उष्णतेअभावी जळत नाही. काळा धूर, तर हवा कोंडली आहे किंवा तेल जास्त जात आहे. निळा धूर, तर वंगणाचे तेल वर चढून जळत आहे. शाळा न पाहिलेल्या माणसांनी हात, कान आणि डोळा यांच्या साहाय्याने जमवलेले हे निदानशास्त्र आहे. आजचे तंत्रज्ञही मुळात याच क्रमाने विचार करतात.

एक उपाय सर्वांना ठाऊक होता. इंजिन दाबच धरीना तर सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडायचे. तेल रिंगांच्या फटी बुजवते, दाब वाढतो, इंजिन सुरू होते. समंजस मेस्त्री याला औषध न मानता परीक्षा मानी : तेलाने सुरू झाले ना, मग रिंगा बदलल्या पाहिजेत. असमंजस मालक मात्र रोज चमचा ओतीत राही. इंजिनाने दिलेली वर्दी ऐकायची की तिचे तोंड बंद करायचे, हा प्रश्न येथेच उभा राहतो.

दौंडचे रात्रभर जागणारे यार्ड

हाताच्या आवाक्याबाहेरचे इंजिन या भागाने पाहिले ते रेल्वेत. मनमाडकडे जाणारा फाटा १८७८ साली सुरू झाल्यापासून दौंड हे मोठे जंक्शन होते आणि दीर्घकाळ तेथे वाफेचे राज्य होते. १९६२ साली अमेरिकेतून ‘अॅल्को’ कंपनीची डिझेल इंजिने भारतात आली व १९६४ पासून ती वाराणसीला बनू लागली. त्यांना १६ सिलिंडर आणि २६०० अश्वशक्ती. असे धूड हँडलने फिरणे शक्यच नव्हते. त्यासाठी बॅटऱ्यांचा प्रवाह जनित्रात उलटा सोडून त्यालाच मोटर बनवीत आणि इंजिन फिरवीत. बॅटरी दमली तर सारेच अडे. शिवाय इंजिन बंद ठेवल्यास ब्रेकसाठी साठवलेला हवेचा दाबही उतरे. म्हणून उभी असलेली इंजिनेही कित्येकदा तासन् तास, रात्रभर सुरूच ठेवीत.

सुरू होण्याच्या भीतीवर काढलेला हा उपाय किती महाग आहे, हे सांगावयास नको. काम न करता तेल जळते आणि थंड पडू लागलेल्या सिलिंडरांत काजळी साचते. पुढे रेल्वेने काही इंजिनांत एक लहान सहायक इंजिन बसवून हा खर्च कमी केला. पुणे-दौंड मार्गावर आता विजेच्या तारा आल्या आहेत. पण येथे एक नवी गोष्ट घडून गेली होती. इंजिन आणि माणूस यांच्यामध्ये बॅटरी आली होती.

दर्यावर

स्वातंत्र्यानंतर मच्छीमारी नौकांना इंजिने बसवण्याचे काम पहिल्या पंचवार्षिक योजनेत हाती घेण्यात आले. केरळात १९५२ च्या करारानुसार नॉर्वेच्या मदतीने मोठा प्रकल्प निघाला. तेथील पारंपरिक नावा इंजिनास सोयीच्या नसल्याने नव्या घडणीच्या बोटी बांधाव्या लागल्या. मुंबई राज्याच्या किनाऱ्यावर स्थिती निराळी होती. सातपाटीसारख्या गावांतील नौकांचा सांगाडा भक्कम व घडण डौलदार, त्यामुळे त्यांतच इंजिन बसवता आले. म्हणून यांत्रिकीकरण आपल्याकडे तुलनेने लवकर रुजले. सहकारी संस्था, सरकारी कर्ज आणि डिझेलवरील कराचा परतावा यांनी त्यास हात दिला.

मासळीच्या पल्ल्यात झालेली वाढ आपण जाणतोच. एका बदलाकडे मात्र लक्ष वेधावेसे वाटते. शिडाच्या काळात वारा पडला तर वल्ही होती. इंजिन आले आणि हळूहळू शीड गेले, डोलकाठी गेली, वल्ह्यांनी रेटता येणार नाही एवढी बोट मोठी झाली. विहिरीवरचे इंजिन रुसले तर वाफा सुकतो. जाळे ओढून झाल्यावर समुद्रात इंजिन रुसले तर प्रवाह बोटीला खडकाकडे किंवा खोल दर्यात कोठेही नेतो आणि तिच्याबरोबर पाच-सात घरांचे कर्ते पुरुष असतात. नांगर टाकून वाट पाहणे, बिनतारी यंत्रावर हाक देणे, तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर कळवणे हे उपाय आहेतच. पण ते इंजिन सुरू न झाल्यानंतरचे उपाय आहेत.

बोटींत हळूहळू मोठी, ट्रकच्या जातीची सहा सिलिंडरची इंजिनेही आली. त्यांना हँडल नाही; बॅटरी, ‘सेल्फ’ आणि बटण. बटण हे वरदानच आहे, मनगटे वाचली. पण बटण दाबणाऱ्या बोटाला दाबाची उशी जाणवत नाही. कालपर्यंत दोन सेकंदांत सुरू होणारे इंजिन आज सहा सेकंद घेते, उद्या दहा घेते. बॅटरी दमदार असेपर्यंत ते सुरू होतच राहते आणि मालकाला वाटते, सारे ठीक आहे. मग थंडीतल्या एखाद्या पहाटे बॅटरी थोडीशी उतरते आणि इंजिन एकदम ‘अचानक’ बंद पडते. खरे तर अचानक काही घडलेले नसते. रिंगांचे दुखणे बॅटरीने झाकून ठेवलेले असते.

ऑगस्टची पहिली सकाळ

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. दोन महिने बोट शाकारलेली, इंजिन निपचित. हंगामाच्या आरंभी बोटींना आशीर्वाद दिला जातो, आणि त्याच दिवसांत सर्वांत जास्त इंजिने सुरू होण्यास नकार देतात. कारणे ठरलेली आहेत व त्यांचा क्रमही ठरलेला आहे.

प्रथम, बटण दाबण्यापूर्वी इंजिन हाताने दोन फेरे फिरवून पाहावे. धुराड्यातून पावसाचे पाणी सिलिंडरमध्ये उतरले असेल तर ते दाबले जात नाही. बटणाच्या जोराने दांडा वाकतो. धुराड्यावर डबा पालथा घालण्याची जुन्या लोकांची रीत उगीच नव्हती. दुसरे, फिरण्याचा वेग. इंजिन घुरघुरत सावकाश फिरत असेल तर तेलाच्या नळ्या सोडण्यापूर्वी बॅटरीची टोके पाहावी. खाऱ्या हवेने त्यांवर पांढरट-हिरवी बुरशी चढते. बॅटरी भरलेली असूनही प्रवाह पोहोचत नाही. घासून घट्ट केल्यावर अर्धी इंजिने येथेच सुरू होतात, असे मेस्त्री म्हणतात. तिसरे, तेल. अर्धवट भरलेल्या टाकीत दोन महिन्यांत दमट हवेचे पाणी साचते, ते डिझेलपेक्षा जड म्हणून तळाशी बसते आणि नळीतून पहिले तेच निघते. पाणी व डिझेल यांच्या सीमेवर जंतूंचा चिकट थर वाढून फिल्टर तुंबवतो. म्हणून टाकी बंदीपूर्वी काठोकाठ भरावी, सुरू करण्यापूर्वी तळाचे पाणी काढावे, फिल्टर बदलावा आणि मग क्रमाने एअर काढावी. चौथी, हवेची वाट : जाळीत कोंदलेली धूळ, तेल, क्वचित पक्ष्याचे घरटे. हे सर्व ठीक असून पांढरा धूर येत असेल, तरच पाचवे व सर्वांत खर्चाचे कारण, म्हणजे गेलेला दाब किंवा बिघडलेले नोझल, यांकडे वळावे.

घाई झालेला माणूस हा क्रम उलटा करतो. तो हवेच्या तोंडाशी पेटती चिंधी धरतो किंवा बाजारात मिळणारा इथरचा फवारा मारतो. इथर ठरलेल्या वेळेपूर्वीच पेट घेते. त्या धक्क्याने रिंगा व दट्टे तडकतात. आज सुरू झालेले इंजिन उद्यासाठी आणखी अवघड होऊन बसते. सलग अर्धा मिनिट बटण दाबून ठेवणे हाही तसलाच अविचार. सेल्फ जळतो आणि बॅटरी उतरते. दहा-बारा सेकंद फिरवावे, मग थांबून विचार करावा, हा नियम हँडलच्या काळात दम लागल्यामुळे आपोआप पाळला जाई.

भीमेच्या पात्रातील बोटी

दर्यावरून पुन्हा घाटावर यावयाचे कारण असे, की मधल्या काळात बोटीतले इंजिनही घाटावर आले आहे. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या फुगवट्यावर मासेमारीच्या व उताऱ्यांच्या होड्या फिरू लागल्या. त्यापाठोपाठ भीमा, घोड आणि मुळा-मुठेच्या पात्रांत दुसऱ्याच बोटी दिसू लागल्या : जुन्या डिझेल इंजिनांवर पंप बसवून नदीतळाची वाळू शोषून घेणाऱ्या. दौंड व शिरूर तालुक्यांच्या महसूल अधिकाऱ्यांनी अशा बेकायदा यांत्रिक बोटी पकडून स्फोटकांनी उडवून दिल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा येत आहेत.

वाळू ही नदीची झोळी आहे. पावसाचे पाणी ती धरून ठेवते आणि काठच्या विहिरींना उन्हाळ्यापर्यंत पुरवते. वाळू गेली की विहिरीचे पाणी खाली जाते. ज्या इंजिनाने शेतकऱ्याच्या बापाला विहिरीतून पाणी काढून दिले, त्याच जातीचे इंजिन मुलाच्या विहिरीचे पाणी नदीतळातून उपसून नेत आहे. यंत्राचा यात दोष नाही. ते इशारा देते तो फक्त स्वतःच्या दुखण्याचा. नदीच्या दुखण्याचा इशारा माणसालाच ओळखावा लागतो.

शिल्लक काय राहते?

शिरूर-दौंडच्या विहिरींवर आज बहुतांशी विजेच्या मोटारी आहेत, काही ठिकाणी सौरपंपही आले आहेत. हँडल मारणाऱ्यांची पिढी वृद्ध झाली. दर्यावर मात्र डिझेल इंजिनावाचून अजून चालत नाही आणि तेथे बटणाचे राज्य आहे. हँडल परत आणा, असे कोणी म्हणणार नाही. परंतु हाताला जे कळत होते ते वहीला कळवता येईल. इंजिनाजवळ एक वही ठेवावी. रोज सकाळी किती सेकंदांत इंजिन सुरू झाले आणि धूर कोणत्या रंगाचा होता, एवढेच दोन शब्द लिहावे. दोनाचे चार आणि चाराचे सहा सेकंद होऊ लागले की किनाऱ्यावर असतानाच मेस्त्रीला बोलवावे. घरातील शिकणारा मुलगा किंवा मुलगी हे काम सहज करील, आणि आजोबांच्या हाताला काय कळत असे, ते त्यांना विचारील. ते आजोबा हयात आहेत तोवरच ते विचारून लिहून घेतले पाहिजे. कारण यंत्रांची माहिती पुस्तकांत मिळते, पण ऑगस्टच्या पहाटे रुसलेल्या इंजिनाशी कसे वागावे, हे ज्यांनी तसे दिवस काढले त्यांच्याकडेच शिकता येते.